आत्याला आलेला वास

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाते. धाराशिवला नर्सिंगच्या मुलींना मी ॲनाटॉमी शिकवते, कवटी हातात धरून बोलायची सवय. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच अवघड होतंय...

माझी आत्या येरमाळ्याला राहते. चार वर्षांपूर्वी ती मोटारसायकलवरून मागं पडली, डोक्याला मार लागला. जीव वाचला, पण वास येणं कायमचं गेलं. दूध करपलं तरी कळायचं नाही. मीच तिला कवटी दाखवून समजावलं होतं — मेंदूच्या नसांच्या बारा जोड्या, त्यातली पहिली वासाची. नाकाच्या वर चाळणीसारखं हाड असतं. त्याच्या भोकांतून नसेचे बारीक धागे मेंदूकडं जातात. हिसक्यानं तेच तुटले.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला.

"मंगल, घरात अण्णाचा वास येतोय गं."

अण्णा म्हणजे माझे वडील, तिचे थोरले भाऊ. येरमाळ्याजवळच्या वाशीत पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे जळालेली तार बदलून द्यायचं दुकान, अंगाला कायम त्या तारेला लावायच्या वार्निशचा वास.

"आत्या, तुमची ती नस तुटलीय. मेंदू कधीकधी खोटे वास तयार करतो."

"व्हय, आसंल. पर लई जोरात येतोय. फोन बी उचलंना त्यो. तू बघ की जरा."

"जेवत असतील. प्रॅक्टिकल संपलं की करते."

आणि खरं सांगू? त्याच तासाला मी मुलींना हे उदाहरण म्हणून सांगितलं. सगळ्या हसल्या... मीही.

चार वाजता फोन केला, अण्णांनी उचलला नाही. पाचला कुणी गिऱ्हाईक मोटार न्यायला गेलं, तर अण्णा दुकानात जमिनीवर पडलेले. मेंदूत रक्तस्राव. "कधीपासून पडले होते?" डॉक्टरांनी विचारलं. दोन दिवसांनी अण्णा गेले.

तेराव्याला आत्याला विचारलं, "अजून येतो का वास?"

"न्हाय गं. तू फोन ठिवलास, अन् थोड्या वेळानं गेला." तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही.

खोटे वास येतात, हे पुस्तकात आहे. पण त्याच दुपारी, त्यांचाच का — हे मला आजही सांगता येत नाही. ओळखीचे न्यूरोचे डॉक्टर म्हणाले, योगायोग. असेलही. पण दुकानाशेजारच्या टपरीवाल्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. "जरा डोकावून बघा," एवढंच म्हणायचं होतं.