दांड्यावरचे हात

माझी भक्ती खरी की नुसती सवय, याची मला स्वतःलाच शंका होती. बसच्या खिडकीतून देऊळ दिसलं, की माझे हात आपोआप जुळायचे. बायको म्हणायची, "अहो, आत कोण बसलंय ते तरी बघत जा!"

एकोणीसशे ऐंशीनंतर आम्ही वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. माझ्या मेहुण्याला तेव्हा नुकतंच छोटं विमान चालवायचं लायसन्स मिळालं होतं. "भावोजी, चला, तुमची सोसायटी वरून दाखवतो." नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून गेलो. खाडी ओलांडली. गच्चीवर आमच्या चादरी वाळत होत्या. मी त्यांना हातसुद्धा हलवला. पुढे कोपरखैरण्याच्या बाजूला वळलो आणि इंजिन खोकलं, परत खोकलं, गप्प झालं.

विमान वळवायचा, वर-खाली करायचा दांडा मेहुण्यासमोर होता, तसाच त्याला जोडलेला दुसरा माझ्यासमोर. घाबरून मी तो छातीशी ओढून धरला. "भावोजी, सोडा! नाक वर गेलं तर दगडासारखे पडू!" तो ओरडत होता, जोर लावत होता. मला सगळं कळत होतं, पण बोटं ऐकत नव्हती. नवस सुचेना, स्तोत्र आठवेना. तेवढ्यात खाली, तळवलीजवळ, झाडांतून एक छोटा कळस दिसला. आणि माझे हात जुळले. बस काय, विमान काय, हातांना काय कळतंय! दांडा सुटला. मेहुण्याने नाक खाली घेतलं आणि नुसता मुरूम टाकलेल्या, अजून सुरू न झालेल्या रस्त्यावर विमान आदळत, आपटत उतरवलं.

गावकरी धावले. एका म्हातारीने तांब्या पुढे केला. मी विचारलं, "आजी, ते देऊळ कुणाचं?"

"गावदेवीचं हाय."

"मी तर तिला ओळखतही नाही."

"तू नको वलखूस. ती वलखते ना! पानी पी आदी."

ह्याला कृपा म्हणावं की सवय, यावर मी वाद घालत नाही. एवढंच उमगलं, की हात जोडायचे तर हातातलं आधी सोडावं लागतं. आणि माझ्याच्याने ते सुटत नव्हतं, कुणीतरी सोडवलं.

बायकोने सगळं ऐकलं आणि पिशवीत खण-नारळ भरून ठेवले. मंगळवारी देवीची ओटी भरायला आम्ही बसने निघालो. वाटेत एक देऊळ लागलं. तिने मांडीवरची पिशवी माझ्याकडे सरकवली, हात मोकळे केले आणि जोडले.

आत कोण बसलंय, ते मी विचारलं नाही.