उलटं भिंग आणि लिंबावरचा कोष

नाचणगावात बंडूजींचा फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओत एक न लिहिलेला नियम होता. लग्नाचा रोल धुवायला वर्ध्याला पाठवायच्या आधी त्यात दोन-तीन फोटो उरलेच, तर ते त्यांच्या बायकोचे, जयवंताचे. रोल संपेपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहावी, तर इकडे वरपक्षाला अल्बमची घाई. म्हणून पाठवणीनंतर रोलचं जे शेपूट राही, ते तिचं.

दुसरी एखादी असती तर तिने लेकीचे फोटो काढले असते. जयवंता मुंगळ्यांचे काढायची.

याला कारण ते भिंग. जाम गावच्या चौफुलीवर गाडीची वाट पाहताना बंडूजींना एका भंगारवाल्याकडे ते रशियन भिंग दिसलं. कडेला बुरशीची जाळी, आणि मागचे आटे यांच्या कॅमेऱ्याला न बसणारे. चहा-भज्यांच्या पैशात मिळालं म्हणून घेतलं, घरी आल्यावर कपाळाला हात लावला आणि फळीवर टाकून दिलं. ते पुसताना जयवंताने सहज उलटं धरून सुपातला तांदूळ पाहिला आणि तिथेच फतकल मारून बसली. दाण्यावर रेघा होत्या!

मग तिने ते भिंग उलटंच कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरलं आणि वायरमनच्या काळ्या पट्टीने गच्च चिकटवलं. जुनं असण्याचा फायदा असा, की आत येणारा उजेड बाहेरचं कडं फिरवून हातानेच कमी-जास्त करता यायचा. चार बोटांच्या अंतरावरून फोटो काढला की कागदावर मुंगळा करंगळीएवढा उमटे. पण खोड एकच. त्यातून एका वेळी जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीएवढंच स्पष्ट दिसायचं, बाकी सगळं धुकं. स्पष्ट करायला कडं फिरवून उपयोग नाही. श्वास धरून आपणच अंगाने पुढे-मागे व्हायचं.

"अवं मयुरीची माय, लोकं माणसांचे फोटो काढतेत," बंडूजी म्हणायचे. "तू काऊन अळ्यांच्या मागं लागून राह्यली?"

"अळी घाई नाई करत जी. अन् फोटोत काळी दिसली म्हणून भांडाले बी नाई येत."

एकदा देवळीच्या एका लग्नाच्या अल्बममध्ये पाठवणीनंतर एक हिरवीगार अळी चिकटून गेली. वरमायने निरोप धाडला, "बाकी सगळे पाहुणे ओळखले, हे कोनाकडचे?" तरी बंडूजींनी नियम मोडला नाही.

जयवंताला एक फोटो मात्र काही केल्या मिळत नव्हता. अंगणातल्या लिंबाच्या झाडावर काळं-पिवळं फुलपाखरू अंडी घाली. त्याची अळी झाली, कोष झाला, सगळ्याचे फोटो तिच्याकडे होते. कोषातून बाहेर पडतानाचा तेवढा नव्हता. कधी रोल नसे, कधी रोल असला तर ही दूध तापवायला आत गेलेली असे आणि येऊन पाहावं तर रिकामं टरफल.

अठ्ठ्याण्णव सालच्या लग्नसराईत योग जुळून आला. कॅमेऱ्यात दोन फोटो उरलेले आणि सकाळी कोष काळवंडलेला. आतले पिवळे ठिपके सालीतून दिसत होते. फक्त वारा होता, फांदी डुलत होती. जयवंताने ती डहाळी अलगद कापली, ओसरीवर आणली आणि पाटावर आडवी ठेवली. आडवी अशासाठी, की अख्खा कोष भिंगाला समोरासमोर यावा. आला! डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं लख्ख. अशी युक्ती आपल्याला आधी कशी सुचली नाही, म्हणून ती स्वतःशीच हसली.

कोष तडकला. डोकं आलं, पाय आले. तिचं बोट बटणावर होतं, अजून जरा, अजून जरा. मग पंख आले. ओले, बोटभरही नाहीत, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखे. फुलपाखरू डहाळीवरून उतरलं आणि पाटावर इकडे-तिकडे चालू लागलं. चढायला काही शोधत होतं. पंख त्याच्या पोटाखाली दुमडून लाकडाला घासत होते.

झाडावर हे जीव नेहमी लटकून बसत. पंख खाली सोडत, तेव्हा ते भरत. असेच वाळले तर जन्माचे वाकडे. आणि तो पाट कोणी मांडला?

भिंगात सगळं अजूनही लख्ख होतं. तिने कॅमेरा बाजूला ठेवला आणि तर्जनी पुढे केली. फुलपाखरू चढलं. तिने हात उंच धरला.

तेवढ्यात बंडूजी आले. मागे पासपोर्टच्या फोटोसाठी दाढी करून आलेला तानबा.

"काय करून राह्यली वं? शपथ घेते का?"

"हलू नोका. फोटो गेला माहा. पंख भरू द्या त्याचे."

बंडूजींनी बोटाकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. तोंडातल्या तोंडात पुटपुटत त्यांनी तो उचलला आणि सवयीने कडं फिरवायला गेले.

"ते नाई फिरवाचं! तुमीच व्हा मागं-पुढं."

"मी?"

"तुमी."

बंडूजी गुडघे वाकवून डोलू लागले. तानबा म्हणाला, "यांच्या अंगात आलं का जी?"

पण बंडूजींचा डोळा कॅमेऱ्यालाच चिकटलेला. भिंगात त्या फडक्याची घडी उलगडत होती, शिरा-शिरांतून पाणी भरावं तसा पंख खाली उतरत होता. हजार नवऱ्या पाहिलेला माणूस तोंड उघडं ठेवून पाहत राहिला. बऱ्याच वेळाने बटण दाबलं. मग आणखी एकदा.

"रोल संपला वं," ते हळूच म्हणाले. तानबाला त्यांनी दुपारी यायला सांगितलं.

जयवंताचा खांदा भरून आला, तरी तिने हात खाली केला नाही. ऊन ओसरीच्या पायरीवर आलं तेव्हा फुलपाखराने दोनदा पंख मिटले-उघडले आणि ते कुंपणावरून पार गेलं.

फोटो आले. एकात जयवंताच्या बोटाचं पेर तेवढं स्पष्ट, दुसऱ्यात पंख. तो फोटो बंडूजींनी काउंटरच्या काचेखाली लावला आणि येईल त्याला सांगू लागले, "मी काढला." जयवंता चहा आणून देई आणि ऐकून घेई. फोटो आला त्याच दिवशी तिने तो उन्हात नेऊन कडेकडेने न्याहाळला होता. पंखावर कुठेच दुमड नव्हती.