निखाऱ्यावरचे दोन थेंब

माझी थोरली बहीण मित्सुए खोटं बोलण्यात कधीच पटाईत नव्हती, पण एक खोटं तिनं चौदा वर्षं इमानेइतबारे सांभाळलं. तोमाकोमाईतल्या शोझो सुताराशी तिनं लग्न केलं ते 'आईबाप वारले, मागे कुणी नाही' असं सांगूनच. आम्ही आयनू, इथले मूळचे आदिवासी; त्या जपानी गल्लीत आयनू सून कुणी खपवून घेतली नसती. मी वर्षातून एकदा तिची जुनी मैत्रीण म्हणून जायचे. सख्ख्या बहिणीच्या दारात परक्यासारखं वाकताना माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची.

त्या हिवाळ्यात तिची सासू अंथरुणाला खिळली. चार दिवस अन्नाला शिवली नव्हती. ताईनं चिठ्ठी पाठवली, रानलसूण घेऊन ये. वाळवलेली जुडी मी तीन फडक्यांत गुंडाळून नेली, तरी बसमधली शेजारीण नाक मुरडून पुढे जाऊन बसलीच. शाळेत पोरं आम्हाला याच वासावरून चिडवायची.

ताईनं सॅमनची डोकी, बटाटे, मुळा आणि ती लसूण घालून ओहाव चढवलं. आमच्या घरचं सूप.

"सासूला काय सांगणार?" मी हळूच विचारलं.

"माशाचं सूप. त्यांच्यातही करतात."

"आणि वास?"

"तू गप्प बस गं."

सूप उकळलं. ताईनं पळी भरली, शेगडीचं लोखंडी दार उघडलं आणि दोन थेंब निखाऱ्यावर सोडून पुटपुटली, "आजी, आधी तू घे." अग्नीआजीला दिल्याशिवाय आमच्यात कुणी जेवत नाही. हाताची सवय, दुसरं काय. वळली तर कोपऱ्यातल्या अंथरुणावर सासू उठून बसलेली, तिच्याकडेच बघत होती. ताईनं घाईनं शेगडीचं दार लावलं.

म्हातारीनं वाडगा मागितला, संपवला, पुन्हा मागितला.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुला असं करताना बघितलं होतं मी. शोझोजवळ कधी बोलले नाही."

ताईला रडू फुटलं. मला वाटलं, सुटली बिचारी.

"रडतेस कशाला? करत जा हे. फक्त खिडकी लावून घे, वास रस्त्यावर जातो. आणि ही तुझी मैत्रीण," माझ्याकडे न बघता म्हातारी म्हणाली, "हिला आता बोलावू नकोस. दोघींचा तोंडवळा एकच आहे. लोकांना डोळे असतात."

मी ताईकडे बघत राहिले. आता तरी ही म्हणेल, माझी बहीण आहे ती. ताईनं डोळे पुसले, उठली आणि खिडकी लावून आली.