दादाला दिलेले शेक

माझा थोरला भाऊ पलटणीतून एका पायानं परत आला, पण गोळी लागून नव्हे. गुडघ्यावरच्या हाडात गाठ झाली म्हणून लष्करी इस्पितळात त्याचा पाय मांडीतून कापला होता. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि लढाई अजून चालू होती. "पाय गेला, पर रोगबी गेला," असं तो आष्ट्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचा. सहा महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडलं.

कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं आमच्या वडिलांनी, आबांनी, त्याला सांगलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून मलाही घेतलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही फुप्फुसांत गारांएवढे पांढरे ठिपके होते.

"हाडातला रोग इथं पसरलाय," ते म्हणाले. "विजेचे शेक देऊ. दम कमी लागेल, कळ कमी होईल. रोग जाणार नाही."

व्हरांड्यात आबांनी माझं मनगट धरलं. "त्याला यातलं कायबी सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय तुला."

दादानं विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

"शेक घेतलं की बरा हुशील," मी म्हणाले.

त्याच्या छातीवर जांभळ्या शाईनं चौकोन आखले. एक दिवसाआड त्याला एकट्याला त्या खोलीत निजवायचे आणि दार लावून घ्यायचे. आत यंत्र घुमायचं. दहाव्या शेकानंतर चौकोनातली कातडी काळी पडली, मग सोलून निघाली. सदरा चिकटायचा. घास गिळवेना, उलट्या व्हायच्या.

"आतला रोग जळतोय म्हनून ही आग, व्हय ना गं?"

"व्हय," मी म्हणायची.

त्यानं लाकडी पाय करायला सांगितला. आबांनी सुतार आणला, त्यानं माप घेतलं. दादा रोज त्याची वाट बघायचा. एक दिवस चिडून म्हणाला, "त्यो सुतार का येत न्हाई?" आबा गावी गेले होते. आबांनीच सुताराला नको म्हणून सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी त्याच्या सदऱ्याच्या घड्या घालायला लागले.

"खरं सांग," दादा म्हणाला.

मी सगळं सांगितलं.

"कवापासनं ठाव हाय तुला?"

"पयल्या दिसापासनं."

तो धापा टाकत म्हणाला, "म्हाईत असतं तर घरी गेलो असतो. कातडी जाळून घेतली नसती. तू बसून बघत हुतीस व्हय गं?"

आबांनी शपथ घातली होती, एवढं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. निदान एक माणूस तरी त्याला आपलं राहू दे, असं वाटलं.

त्यानंतर त्यानं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. आबा आले की त्यांचा हात छातीशी धरायचा, मी जवळ गेले की भिंतीकडे तोंड करायचा. अकरा दिवसांनी, सकाळी डॉक्टर फेरीला यायच्या आत, तो आबांच्या मांडीवर गेला.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. कोणीतरी विचारलं, पोरगा एवढ्या लवकर कसा गेला. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिनं सांगितलं त्याला. न्हाईतर चार म्हैनं काढलं असतं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पत्रावळी उचलायला घेतल्या.