वाणात आलेली हिरवी बाटली

यकृतावर चरबी चढली आहे असं सोनोग्राफीत दिसलं तेव्हा मला भीती नाही, राग आला. दारूचा थेंब कधी जिभेला लागला नाही, जगतपुऱ्याच्या कॉलेजात रोज चार-चार तास उभं राहून गणित शिकवते, आणि हे माझ्या वाट्याला? डॉक्टर शांतपणे म्हणाले, रोज पाऊण तास चाला, वजन उतरवा, कचोरी-मिठाई आवरा. औषध काही नाही. चिठ्ठीवर एकही गोळी न लिहिणारा डॉक्टर मला तेव्हा अगदीच कुचकामी वाटला.

पंधरा दिवसांनी संक्रांत आली. विद्याधर नगरातल्या माझ्या मैत्रिणीकडचं हळदीकुंकू मी बारा वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. तिचा नवरा विमा कंपनीत. बदलीवर आले ते इथलेच झाले. ती माझ्यासारखीच कोल्हापूरची. ‘मी येतो, मी जातो’ असं आमच्याकडच्या बायकांसारखं माझ्याशी बोलणारी या हिंदी मुलखातल्या शहरात ती एकटीच. तिचा भाऊ यकृत निकामी होऊन ऐन चाळिशीत गेला होता. त्यानंतरच्या या पहिल्या संक्रांतीला तिने वाण म्हणून स्टीलची वाटी दिली नाही. प्रत्येकीच्या हातात एक हिरवी बाटली ठेवली, यकृताचं रक्षण करणाऱ्या कॅप्सूलची. संपली की सांगा, दुसरी देतो, असंही वर बजावलं.

वाण नाकारायचं नसतं, आणि घरी आणून नुसतं पडूही द्यायचं नसतं. मी सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल घेऊ लागले. हळूहळू चालणं सुटलं. घरात राखणदार बसवल्यावर कडी कशाला लावायची, असा माझा हिशेब. स्टाफरूममध्ये प्याज कचोरी आली की मी पहिला हात घालायची. वर्गात पुराव्याशिवाय एक ओळ पुढे सरकू न देणारी मी, लेबलवरचं ‘संपूर्ण वनस्पतिजन्य’ मात्र तीर्थासारखं गिळत होते.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तर यकृताचे आकडे आधीच्या दुप्पट. डॉक्टरांनी विचारलं, काही औषध, चूर्ण, काढा घेता का? मी ठामपणे नाही म्हणाले. खोटं बोलायचं माझ्या मनातही नव्हतं. वाणात आलेली वस्तू औषध असते हे मला सुचलंच नाही. शेजारी बसलेला माझा नवरा, जो इथलाच, हिंदी बोलणारा, आणि डॉक्टरांसमोर कधी तोंड उघडत नाही, तो हळूच म्हणाला, “वो हरी बोतल?”

दुसऱ्या दिवशी बाटली नेऊन दाखवली. ग्रीन टीचा अर्क, हळदीचा अर्क, वर काळी मिरी. डॉक्टरांनी शपथेवर काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की चहा-हळद वेगळी आणि त्यांचा असा दाट अर्क वेगळा, काहींच्या यकृताला तो सोसत नाही. पुढे म्हणाले, पूरक गोळ्यांवर संशोधन चालू आहे, एखाद्या रुग्णाला व्हिटॅमिन ई मी स्वतःही देतो, पण तपासून आणि लक्ष ठेवून. आधी हे बंद करा. मी बंद केलं आणि चालायला लागले. दीड महिन्यात आकडे उतरले.

मग मात्र माझं डोकं तापलं. ती बाटली पर्समध्ये टाकून मी थेट विद्याधर नगर गाठलं. नवऱ्याने मला दोनदा समजावलं, राहू दे, बिचारीने चांगल्या मनाने दिलंय. चांगल्या मनाने दिलं म्हणून मुकाट गिळायचं, हे मी बरीच वर्षं केलंय. आता नाही करणार.

तिच्या दिवाणखान्यात टीपॉयवर मी बाटली ठेवली आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा पडला.

“वाण कोण परत करतंय होय?” ती म्हणाली. “भावाला वाचवू शकलो नाही. तुम्हाला तरी वाचवावं म्हटलं.”

पण मी बाटली उचलली नाही. तू स्वतः किती घेतेस, असं विचारलं. दिवसाला चार, भाऊ गेल्यापासून. आणि तपासणी? ती पदराशी चाळा करत राहिली. तपासलं आणि भावासारखं निघालं तर, एवढंच पुटपुटली. मी म्हटलं, उद्या सकाळी सातला येते, उपाशी पोटी तयार राहा. त्यावर ती चिडली. माझं लिव्हर आहे, तू कोण सांगणारी, म्हणाली, आणि माझ्यामागे धाडकन दार लावून घेतलं. बारा वर्षांत त्या घरातून मी पहिल्यांदाच कुंकू न लावता निघाले.

आपली मैत्री गेली असं धरूनच मी दुसऱ्या दिवशी सातला तिथे पोहोचले. गेली तर गेली, बाई जिवंत राहू दे. बेल दाबली. कोणी येईना. पुन्हा दाबली, आणि मग बोट काढलंच नाही. शेजारच्या भाभीजी बाहेर येऊन बघायला लागल्या. बघू देत.

दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण पायात चपला होत्या.

“अजून चहासुद्धा घेतलेला नाही मी,” ती म्हणाली. “चल.”