तारेबाहेरचे तीन डार्ट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला संशयी असावंच लागतं. दार बंद दिसलं तरी तो ओढून बघतो, मगच त्याला बंद म्हणतो. हा लिफ्टवाला घरीही तसाच. बायकोनं गॅस बंद केला म्हटलं, की स्वारी उठून बटण चाचपून येणार. "मी जिवंत आहे का तेही एकदा तपासा," ती म्हणायची.

आठवडाभर लिफ्ट आणि सुट्टीला डार्ट. तोही विरंगुळा म्हणून नव्हे. त्याच्याकडे व्यावसायिक खेळाडूचं कार्ड होतं. मागच्या दोन वर्षांत जिंकलेल्या बक्षिसांची बेरीज, ती तुमची क्रमवारी. नवं बक्षीस वर चढवतं, दोन वर्षं जुनं झालेलं आपोआप गळून पडतं. म्हणजे एकही सामना न हरता, झोपल्या जागी माणूस खाली घसरतो! वर्षअखेरीस पहिल्या चौसष्टांत असलात तर कार्ड राहतं, नाहीतर पात्रता फेरीत नवशिक्यांबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याची जुनी मोठी कमाई नुकतीच गळाली होती. वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेत एक सामना जिंकला, तरच कार्ड वाचणार होतं.

आणि ड्रॉमध्ये समोर आला सख्खा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ, पेशानं रंगारी, क्रमवारीत विसावा. तो हरला तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं.

लिफ्टवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. महिनाभर बायको भावाशी फोनवर कुजबुजत होती. हा खोलीत शिरला की "ठेवते रे" म्हणून फोन बंद. मध्यंतरी मेव्हण्यानं त्यांचं स्वयंपाकघर रंगवलं, तर निम्मा रंग दाराच्या चौकटीवर. लक्ष कुठे होतं त्याचं? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

सामना बरोबरीत शेवटच्या डावापर्यंत गेला. पाचशे एकवरून उतरत शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट बोर्डाच्या कडेच्या अरुंद पट्टीत, दुपटीच्या घरातच बसवायचा, असा नियम. मेव्हण्याला उरले बत्तीस, म्हणजे सोळाची दुप्पट. हे घर त्यानं झोपेतही लावलं असतं. त्यानं तीन डार्ट मारले. तिन्ही त्या पट्टीच्या कडेच्या तारेबाहेर, एकमेकांना चिकटून.

हॉल हळहळला. लिफ्टवाल्याच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. हात थरथरला की डार्ट विखुरतात. तिन्ही एकाच जागी बसले म्हणजे नेम पक्का होता, फक्त धरलाच होता बाहेर. त्यानं आपलं घर लावलं, सामना जिंकला आणि मेव्हण्याच्या तोंडाकडे न बघता हात मिळवला.

सरावाच्या खोलीत त्यानं दार लावून घेतलं, ओढूनही बघितलं.

"तुझ्या ताईनं हरायची गळ घातली ना तुला? हे कळलं तर दोघांचीही कार्डं जातील."

"शप्पथ भावोजी, जिंकायलाच आलो होतो."

"मग तिन्ही एकाच जागी? मला दूधखुळा समजतोस?"

मेव्हणा खुर्चीत बसला. "उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. डॉक्टरांनी हात टेकले. आता दुसऱ्यालाही तेच होतंय. सगळं बोटभर डावीकडे लागतं. आज मुद्दाम उजवीकडे धरून मारत होतो, जमत होतं. पण बत्तीस उरले आणि विसरलोच. त्या घरावर हात आपोआप जातो. पहिला चुकल्यावर घाबरलो, मग सवयीनंच मारले पुढचे दोन. ताई मला डॉक्टरकडे नेते. तुम्हाला सांगू दिलं नाही मी. तुम्ही मला सांभाळून घेत खेळला असतात."

लिफ्टवाल्याला तरी खरं वाटेना. त्यानं टेबलावरची पाण्याची बाटली उचलून पुढे धरली. मेव्हण्यानं हात लांब केला. बोटं बाटलीच्या शेजारी, हवेतच मिटली.

लिफ्टवाल्याला आपलीच लाज वाटली. त्यानं बाटली मेव्हण्याच्या हातात नीट दिली.

भिंतीवरच्या टीव्हीवर नवी क्रमवारी झळकली.

"वाचा ना भावोजी."

"मी चौसष्टावा." त्यानं यादीत वर बघितलं. "तू विसावाच."

"माझी बरीचशी कमाई यंदाचीच आहे," मेव्हणा पाण्याचा घोट घेत म्हणाला. "डोळे गेले तरी नाव राहील तिथे बरेच दिवस. हळूहळू गळत जाईन. कुणाला संशयसुद्धा येणार नाही."