टिश्का घाटापलीकडे राहिलेल्या काकू

"माझ्या आईला आफ्रिकेत टाकून आला हा माणूस! आफ्रिकेत! डोंगरात! बर्फात!"

अविनाश साठ्ये ओरडत होता. ईलिंगमधलं आमचं ऑफिस एका ड्रायक्लीनरच्या डोक्यावर होतं. त्याच्या आवाजाने खाली हँगरला लावलेले कोट आपोआप झटकले गेले असतील. अविनाश पिनरमधला डेंटिस्ट. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा माणूस, त्या दिवशी स्वतःचंच मिटायला तयार नव्हता.

त्याच्या एका बाजूला त्याची बायको शैला. दुसऱ्या बाजूला, ज्यांना मी टाकून आलो असं तो म्हणत होता त्या सुमतीकाकू. अंगात जाड कोट, हातात लोकरीचे ग्लोव्हज, आणि चेहरा दुसऱ्याच कोणाच्या तरी भांडणाला आल्यासारखा.

टेबलापलीकडे कीथ. माझा बॉस. आपण आर्मीत मेजर होतो असं तो सांगायचा. तो तिथे कँटीन सांभाळत असावा, असा आमचा ड्रायव्हर टेरीचा अंदाज होता. कीथने माझ्याकडे बघितलं.

"व्हिन्स, इज दिस ट्रू?"

माझं नाव वसंत. पण कीथला ते कधी झेपलं नाही, आणि पगार ज्या नावाने मिळतो ते नाव मी मान्य करतो.

"टेक्निकली, येस," मी म्हणालो.

"मग मला सगळं पहिल्यापासून सांग. आणि नीट सांग. नाहीतर उद्यापासून तू हीथ्रोच्या एअरपोर्ट रनवर."

एअरपोर्ट रन म्हणजे पहाटे उठून लोकांच्या बॅगा टर्मिनलवर नेऊन टाकायच्या. ज्याने सहारा बघितलाय त्याला ही जन्मठेपच. म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं. तुम्हालाही तसंच सांगतो.

त्या काळी, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला, आमची छोटी कंपनी ओव्हरलँड टूर काढायची. ओव्हरलँड म्हणजे विमानाने उडी न मारता रस्त्याने जायचं. ईलिंगहून दोन मिनीबस निघायच्या. प्लिमथला फेरीबोट, मग स्पेन उभा कापायचा, परत फेरीबोट, की आफ्रिकेच्या टोकावरचं टँजियर. पुढे फेझ, ॲटलासचे डोंगर, वाळवंटाची कड, आणि शेवटी टिश्का घाट ओलांडून माराकेश. तिथून पाहुणे विमानाने घरी. टेरी आणि मी रिकाम्या बस हाकत परत. मी टूर लीडर. लीडरने पुढची बस चालवायची, मागची टेरीने.

ती ट्रिप ख्रिसमसच्या सुट्टीतली होती आणि ग्रुप सगळा मराठी. इंग्लिश ग्रुपला मी नंबर द्यायचो. निघताना प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा. वन, टू, थ्री. कोणी गप्प राहिला की तो बाहेर कुठेतरी बकरीचा फोटो काढतोय हे कळायचं. याला हेडकाउंट म्हणतात. आपल्या लोकांना मी पहिल्याच दिवशी नंबर सांगितले, तर बंड झालं.

"आम्ही काय कैदी आहोत का?" मिल्टन कीन्सचे कुलकर्णी म्हणाले. "आपण सगळे घरचेच."

त्यामुळे आपल्या पद्धतीने मोजणी सुरू झाली. आपण माणसं मोजत नाही, घरं मोजतो. "कुलकर्णी आले का?" "आले!" "साठ्ये?" "आले!" लग्नाच्या पंगतीपासून आपली हीच रीत. त्यात एखादा साठ्ये कमी पडला तरी साठ्ये आलेलेच असतात.

सुमतीकाकूंना मी आधीपासून ओळखत होतो. पिनरला अविनाशकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असायचं. आमच्या मिसेसना सोडायला जायचो तेव्हा दिवाणखान्यात बायकांच्या बांगड्यांचा आवाज, आणि काकू किचनमध्ये. तिळगूळ त्यांच्या हातचा, कॉफी त्यांच्या हातची, पण बाहेर येऊन बसायच्या नाहीत. अविनाशचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना कोणी आत बस असं म्हणालेलं मी ऐकलं नाही. बाहेर ये असं म्हणालेलंही ऐकलं नाही. कारमध्ये बसून वाट बघणाऱ्या माणसाला किचनची खिडकी चांगली दिसते.

फेझच्या जुन्या शहरात आम्ही दोन दिवस होतो. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून गाढव आलं तर दोघांपैकी एकाला आपला स्वभाव बदलावा लागतो. चामडं कमावायच्या कुंडांवर असा वास, की कुलकर्ण्यांनी नाकाशी धरायला दिलेला पुदिना खाऊनच टाकला. तिथेच पुढे मेंदीचा बाजार आहे. झाडाखाली बायका पिचकारीसारख्या सुईने हातावर नक्षी काढतात. शैलावहिनींनी हात पुढे केला. काकू बाजूला उभ्या राहून बघत होत्या. इतक्या वाकून, की मेंदीवालीला वाटलं यांनाही हवीय. तिने हसत काकूंचा हात धरला.

काकूंनी तो झटक्यात मागे घेतला. "मला नको गं बाई."

"आईला नसतं चालत," अविनाश माझ्याकडे बघून म्हणाला. कडू बोलला नाही. शाकाहारी आहे असं वेटरला सांगावं तसं बोलला.

पुढचे काही दिवस वाळवंटात गेले. परतीला टिश्काच्या अलीकडच्या एका गावात आमचं जेवण असायचं. हुसेन नावाच्या माझ्या दोस्ताच्या घरी. मातीचं घर, पाठीमागे बर्फाचा डोंगर. घर इतकं उंचावर, की हुसेनच्या कोंबड्या ढगात अंडी घालायच्या आणि ती खाली पडायच्या आधी गोठायची. त्या दिवशी हुसेनच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. पुरुष अंगणात, बायका आतल्या खोलीत. आतून गाण्यांचा आवाज.

जेवण उरकतंय तोच खालच्या चौकीवरचा पोलीस सांगत आला. बर्फ येतोय, बॅरियर पडणार. बॅरियर म्हणजे घाटाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी आडवा खांब असतो. बर्फ वाढला की तो खाली करतात. मग राजा आला तरी गाडी सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशीची विमानं माराकेशहून होती.

मी हॉर्न दाबला. साधा नाही. डोंगरापलीकडच्या उंटांनी मान वर केली असेल असा.

"कुलकर्णी?" "आले!" "साठ्ये?"

अविनाश माझ्या शेजारी बसला होता. "आले," तो म्हणाला.

"आणि काकू?"

"ती शैलाबरोबर, मागच्या गाडीत."

मी मागच्या बसकडे बघून ओरडलो, "तुमच्याकडे सगळे?" शैलावहिनींनी खिडकीतून हात हलवला. "सगळे!"

आणि आम्ही निघालो.

घाट उतरल्यावर एक चहाची टपरी आहे. आमच्या मागे बॅरियर खाली आला, तो मी आरशात बघितला. सगळे उतरले. अविनाश मागच्या बसकडे गेला, दार सरकवलं, आत बघितलं, परत बघितलं. मग असा ओरडला, की वरचा बर्फ घसरत नाही ना म्हणून टेरीने डोंगराकडे बघितलं. दोष माझा, हे अविनाशचं तिथेच ठरलं; बायकोला त्याने काही विचारलंच नाही.

बॅरियरवरच्या पोलिसाला मी फ्रेंचमध्ये विनवलं, अरबीत विनवलं, शेवटी मराठीत विनवलं. त्याने खांद्यांनी उत्तर दिलं. सकाळी, बर्फ काढणारा प्लाऊ आला की. हुसेनच्या गावात फोन नव्हता. घाटात आधीच शिरलेल्या, आमच्या मागून उतरलेल्या एका ट्रकवाल्याने मात्र सांगितलं, हुसेनकडे सगळं ठीक आहे, त्यांच्याकडे गाणी चाललीत. अविनाशला त्यातलं 'ठीक' ऐकूच गेलं नाही.

टपरीमागे खोल्या होत्या. ग्रुपला तिथे बसवलं. अविनाश बाकावर बसून राहिला. पुदिन्याचा चहा पुढे निवत होता. तो आता ओरडत नव्हता, आणि मला ते जास्त जड जात होतं. माझी नोकरी गेली, हे मला दिसत होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला नोकरी आठवायची लाज वाटली.

"ती झोपताना दूध घेते," तो म्हणाला. "त्यांना कसं सांगणार? तिला त्यांची भाषा येत नाही."

"बाईमाणसं बायकांना समजून घेतात, अविनाश."

"तुम्हाला कळत नाही, वसंतराव. ती एकटी कधी राहिलीच नाही. पिनर स्टेशनपर्यंतसुद्धा एकटी जात नाही. मी जाऊ देत नाही."

हे शेवटचं वाक्य तो बोलला आणि थांबला. स्वतःच्याच दातात काही अडकल्यासारखा. मी चहा ढवळत बसलो. मी गोष्टी फुगवून सांगतो असं लोक म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण त्या बाकावर फुगवण्यासारखं काही नव्हतं. एक मुलगा आईची काळजी करत होता, आणि ती काळजी खोटी नव्हती.

सकाळी प्लाऊ गेला आणि त्याच्या मागोमाग आम्ही. अविनाश, शैलावहिनी आणि मी. हुसेनच्या दारात पोचलो तर आतून हसण्याचा आवाज. काकू चुलीजवळ बसल्या होत्या. अंगावर कोणाचं तरी जाड घोंगडं, दोन्ही हात आणि पावलं जुन्या फडक्यात गुंडाळलेली. हुसेनची म्हातारी आई त्यांना आपल्या हाताने पाव मधात बुडवून भरवत होती.

"आई! काय झालं हातांना? भाजले? बर्फ लागला?"

"ओरडू नकोस रे," काकू म्हणाल्या. "लग्नघर आहे."

शैलावहिनी पुढे झाल्या. त्यांनी फडक्याचं एक टोक उचलून बघितलं आणि लगेच खाली सोडलं. "थंडीने, बाकी काही नाही," त्या अविनाशला म्हणाल्या. पर्समधून स्वतःचे ग्लोव्हज काढले. "तू गाडीत बस. मी घेऊन येते त्यांना."

निघताना हुसेनची आई काकूंना सोडेना. दारात दोघी एकमेकींशी बोलत होत्या, एक तिथल्या बर्बर भाषेत, एक मराठीत, आणि दोघींचं मध्येमध्ये अगदी बरोबर जमत होतं. मला तेव्हाच थोडी शंका आली. पण टूर लीडरने शंका बॉससमोर आधी बोलायची नसते.

हे सगळं कीथने ऐकलं. मग ऑफिसात जे झालं त्यामुळे मी एअरपोर्ट रनवर गेलो नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. फक्त मराठी ग्रुपलासुद्धा नंबर लागू झाले. तक्रार कोणाचीही असो, कंपनी नेहमी लोकांना नंबर लावूनच सुधारते. पुढच्या ट्रिपला 'वन' असा आवाज पहिल्या सीटवरून यायचा. ती सीट सुमतीकाकूंची होती. पिनरहून ट्यूब रेल्वेने एकट्या आल्या होत्या.

तर, त्या दिवशी ऑफिसात कीथ म्हणाला, "मिस्टर साठ्ये, तुमच्या आई कुठल्या गाडीत आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनेच! म्हणाली, मी शैलाबरोबर बसते."

कीथ शैलावहिनींकडे वळला. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"मला म्हणाल्या, मी अविनाशबरोबर बसते."

खालच्या ड्रायक्लीनरची इस्त्री ऐकू आली. अविनाश आईकडे बघत राहिला. एखाद्या दाताचा एक्स-रे उलटा धरला होता हे आत्ता लक्षात यावं तसा.

"आई?"

काकूंनी सावकाश एक ग्लोव्ह काढला. मग दुसरा. दोन्ही हात मनगटापर्यंत गडद तांबूस, बोटांच्या टोकांना जवळजवळ काळे. मध्ये चौकोन, टिंबं, पानं. इतकी रंगलेली मेंदी मी नव्या नवरीच्या हातावरही बघितली नाही, आणि हे मात्र मी फुगवून सांगत नाही. त्यांनी हात कीथच्या टेबलावर, कागदांच्या मधोमध ठेवले.

अविनाशने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. उघडंच ठेवलं.

"त्यांना विचार," कीथ मला हळूच म्हणाला, "हॉर्न ऐकू आला नाही का?"

मी विचारलं. "काकू, कीथसाहेब विचारतायत. हॉर्न ऐकू आला नाही का?"

"आला की," काकू म्हणाल्या. "मेंदी ओली होती."